राहून-खाऊन पंधरा हजार: हॉटेल कामगाराचा पगार नेमका किती?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली वेतन संहिता हॉटेल, ढाबा, खानावळ, नाष्ट्याची गाडी, केटरिंग अशा सगळ्या ठिकाणी पगारावर काम करणाऱ्यांना लागू होते. १९४८ च्या जुन्या कायद्यात सरकारच्या यादीत असलेल्या उद्योगांपुरतंच किमान वेतन होतं. आता यादीची अट उरली नाही. त्यानिमित्तानं एक जुना प्रश्न पुन्हा वर आलाय. ताट वाढणाऱ्याला, भांडी घासणाऱ्या मावशींना, भाकरी थापणारीला घर चालेल एवढा पगार द्यायलाच हवा का? आणि दिला तर साताऱ्या-सांगलीतलं साधं हॉटेल टिकेल का?

द्यायलाच हवा, आणि टिकेलही. पण त्यासाठी पगार महिन्यावर न मोजता तासावर मोजावा लागेल. या धंद्यातली सगळी गफलत तिथंच आहे.

## पगाराच्या चार रेघा

सांगलीकरांना आयर्विन पुलावरची पट्टी पाठ असते: ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. पगारालाही अशाच रेघा आहेत, फक्त इथं धोका खाली असतो आणि माणसाला वर चढायचं असतं.

सगळ्यात खाली तळ वेतन. ते केंद्र सरकार ठरवतं आणि कुठल्याही राज्याला त्याच्या खाली जाता येत नाही. वेतन संहितेच्या आधी हा आकडा नुसता सल्ल्याचा होता. जून २०१७ मध्ये तो दिवसाला १७६ रुपये होता. अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०१९ मध्ये दिवसाला ३७५ रुपये सुचवले, म्हणजे दुपटीहून जास्त.

त्याच्या वर किमान वेतन. हे राज्य सरकार कामानुसार, कौशल्यानुसार आणि भागानुसार ठरवतं. महाराष्ट्रात मूळ दरावर विशेष भत्ता मिळतो आणि महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे तो दर जानेवारीत आणि जुलैत बदलतो. म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वीचा दर डोक्यात धरून "आम्ही किमान वेतन देतो" म्हणणाऱ्याचा आकडा बहुतेक वेळा चुकलेला असतो.

तिसरी रेघ वाजवी वेतनाची. ती धंद्याची ऐपत बघून वर सरकते. आणि सगळ्यात वर निर्वाह वेतन: घरभाडं, पोरांची शाळा, दवाखाना, सण, म्हातारपणाची थोडी तरतूद, हे सगळं भागेल असा पगार. राज्यघटनेच्या ४३ व्या अनुच्छेदात राज्यानं कामगारांना निर्वाह वेतन मिळवून देण्याचा प्रयत्न करावा असं म्हटलंय. ते मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळं त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. किमान वेतनासाठी मात्र जाता येतं.

## घर चालायला किती लागतं, हे मोजता येतं

"घर चालेल एवढा" म्हणजे किती, हे अंदाजपंचे सांगायचं कारण नाही. १९५७ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं त्याचं सूत्र ठरवलं. नवरा, बायको, दोन मुलं. खाण्याच्या दृष्टीनं हे चौघं मिळून तीन मोठी माणसं धरायची: कामगार १, बायको ०.८, प्रत्येक मूल ०.६. दर मोठ्या माणसामागं रोज २,७०० उष्मांक. कापड वर्षाला ७२ वार. शिवाय भाडं, आणि जळण-दिवाबत्ती वगैरेसाठी एकूण पगाराच्या २० टक्के. १९९१ च्या रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. केंद्रानं २०२० मध्ये वेतन संहितेचे जे मसुदा नियम काढले, त्यांतही हेच सूत्र आहे. ७२ वारांचे ६६ मीटर झालेत, एवढंच.

(दिवसभर तव्यापुढं उभी राहणारी बाई ०.८ आणि तिच्याच हॉटेलातला वेटर १, हे मला पटत नाही. सत्पथी समितीनंही कुटुंब तीनऐवजी ३.६ माणसांचं धरा असं सुचवलं होतं. इथं मात्र जुनं, कमीत कमीचंच सूत्र धरू.)

तीन माणसांचे रोज ८,१०० उष्मांक म्हणजे महिन्याला साधारण ४० किलो धान्य, ७ किलो डाळी-कडधान्य, साडेतीन किलो तेल, तेवढीच साखर किंवा गूळ, १८ लिटर दूध, २७ किलो भाजीपाला आणि पावणेदोन किलो शेंगदाणे. दर उदाहरणादाखल धरतो, आपापल्या बाजारचे घालून बघा: धान्य ४० रुपये किलो, डाळ १२०, तेल १५०, दूध ६० रुपये लिटर, भाजी ४० रुपये किलो. चहा, मसाला, थोडी अंडी धरून हा हिशेब ६,२०० रुपयांच्या आसपास येतो. कापड आणि शिलाई महिन्याला ८०० धरली की झाले ७,०००.

मसुदा नियमांत भाडं म्हणजे अन्न-कापडाच्या खर्चाचे १० टक्के, म्हणजे ७०० रुपये. आतापर्यंत ७,७००. उरलेले २० आणि २५ टक्के पगारातूनच येणार, म्हणजे ७,७०० हा एकूण पगाराचा ५५ टक्के भाग झाला. पूर्ण आकडा येतो १४,००० रुपये.

पण ७०० रुपयांत खोली ना कुपवाडला मिळते, ना साताऱ्यात. एका खोलीचं भाडं ३,५०० धरलं, तर अन्न, कापड आणि भाडं मिळून १०,५०० होतात आणि त्याच रीतीनं पूर्ण आकडा १९,००० च्या थोडा वर जातो. कागदावरचं किमान आणि खरा निर्वाह यांतली ही दरी मुख्यतः घरभाड्याची आहे.

आपण या लेखात १४,००० हा किमान आणि १९,००० हा निर्वाहाचा आकडा धरू. हे सरकारी दर नव्हेत, हिशेबासाठी धरलेले आकडे आहेत.

## पंधरा हजाराचे सहा हजार सातशे कसे होतात

आता कुणी म्हणेल, "आमचा वेटर राहून-खाऊन पंधरा हजार घेतो. तुमच्या किमानाच्या वरच आहे की."

किमान वेतनाचा महिना म्हणजे ८ तासांचे २६ दिवस, एकूण २०८ तास. आठवड्याला ४८ तास आणि एक सुट्टी. हॉटेलातला दिवस असा नसतो. सकाळी १० ते दुपारी ४, मग संध्याकाळी ६ ते रात्री १२. मधल्या दोन तासांत घरी जाऊन येणं होत नाही, म्हणून माणूस तिथंच बाकड्यावर आडवा होतो. जेवण गिऱ्हाईक ओसरल्यावर उभ्या-उभ्या. असे १२ तासांचे २८ दिवस धरले, तर ३३६ तास होतात.

२०८ च्या वरचे १२८ तास हा जादा वेळ झाला. जादा वेळेचा दर दुप्पट असतो, जुन्या कायद्यातही होता आणि संहितेतही आहे. म्हणून हे १२८ तास पगारासाठी २५६ मोजायचे. एकूण ४६४. १५,००० ला ४६४ नं भागलं तर तासाला साधारण ३२ रुपये पडतात. या दरानं २०८ तासांचा पगार होतो ६,७२४ रुपये.

म्हणजे पंधरा हजाराचा वेटर खरं तर पावणेसात हजाराचा आहे. १४,००० हे किमान धरलं तर तासाचा दर ६७ रुपयांच्या पुढं जातो, आणि ४६४ तासांचे ३१,००० रुपये त्याला मिळायला हवे होते. निम्मेही मिळाले नाहीत. मालकानं त्याला फसवायचं ठरवलेलं असतंच असं नाही. महिन्याचा एकच आकडा बोलायची पद्धत इतकी मुरली आहे की तास कुणी मोजतच नाही, कामगारसुद्धा नाही.

महाबळेश्वर-पाचगणीच्या मे महिन्यात आणि दिवाळीत हे तास आणखी वाढतात. सातारा-कराडच्या हमरस्त्यावरच्या ढाब्यांवर, जिथं उत्तर प्रदेश, बिहार, नेपाळ इथून आलेली पोरं स्वयंपाकघराच्या मागंच राहतात, तिथं तर काम कधी सुटलं हेच ठरवता येत नाही. रात्री दोनला ट्रक थांबला की उठायचं.

दुप्पट दराचं कारण समजून घेतलं पाहिजे. एकाच माणसाला १२ तास राबवणं हे दुसरा माणूस ठेवण्यापेक्षा महाग पडावं, हाच त्याचा हेतू आहे. जादा वेळ बुडवला की तो हेतूच संपतो. मग एक माणूस पिळून निघतो आणि गावातला दुसरा बेकार राहतो.

## "राहायला-खायला आम्हीच देतो की"

देतात, आणि काही ठिकाणी चांगलं देतात. पण वेतन संहितेप्रमाणे पगाराच्या बदल्यात वस्तूरूपानं काही दिलं, तर त्याची किंमत पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंतच पगार म्हणून धरता येते. १४,००० वर ती होते २,१००. कामगाराचं जेवण आणि गोदामावरची झोपायची जागा मिळून पाच-सहा हजार धरायचे, हे चालत नाही. शिवाय कामगार हॉटेलात जेवला म्हणून गावाकडं त्याच्या पोरांची ताटं भरत नाहीत. चौघांच्या हिशेबात एकाचंच ताट कमी होतं.

कापाकापीचंही तसंच. एक खाडा झाला तर एका दिवसाचा पगार कापता येतो, दोन दिवसांचा नाही. दंड पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर लावता येत नाही. गिऱ्हाईक बिल न देता गेलं म्हणून वेटरच्या पगारातून वसूल करायची रीत अनेक ठिकाणी आहे. नुकसान भरून घ्यायचं असेल तर ते त्याच्याच हलगर्जीपणानं झालं हे दिसलं पाहिजे आणि आधी त्याला बाजू मांडू दिली पाहिजे. उचल कापता येते, पण सगळी कपात मिळून निम्म्या पगाराच्या पुढं जाता कामा नये.

## "मग थाळी दोनशेला विकायची का?"

हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे, म्हणून पूर्ण आकडे मांडतो. समजा मिरजेत एक थाळीचं हॉटेल आहे. थाळी १२० रुपये, रोज १५० थाळ्या, महिन्यातून २८ दिवस चालू. म्हणजे ४,२०० थाळ्या. सात कामगार, प्रत्येकी १५,०००, रोज १२ तास. पगाराचा खर्च १,०५,०००, म्हणजे थाळीमागं २५ रुपये.

सात जणांचे मिळून तास होतात २,३५२. तेच काम २०८ तासांच्या महिन्यात बसवायचं तर साधारण ११ माणसं लागतील. ११ जणांना १४,००० दिले तर १,५४,०००. दहा कामगार झाले की कामगार राज्य विमा योजना (ईएसआय, म्हणजे कामगाराच्या आजारपणाचा विमा) लागू होते. त्यात मालकाचा वाटा ३.२५ टक्के, तो साधारण ५,०००. एकूण १,५९,०००, म्हणजे थाळीमागं ३८ रुपये. वाढ १३ रुपयांची. थाळी १२० ची १३३ झाली.

निर्वाहाचे १९,००० द्यायचे तर विम्यासकट खर्च २,१६,००० च्या आसपास जातो आणि थाळीमागं वाढ होते २६ रुपयांची. थाळी १४६ ला. दोनशेला नाही.

यावर मालकाचं म्हणणं असतं, "मी एकट्यानं १३ रुपये वाढवले तर गिऱ्हाईक समोरच्याकडं जाईल." हे खरं आहे. म्हणूनच हा प्रश्न एकेका मालकाच्या चांगुलपणावर सोडता येत नाही; नियम सगळ्यांना एकदम लागू झाला तरच प्रामाणिक मालक तोट्यात जात नाही. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा दर चढला की सगळीकडं दरपत्रकावर नवे आकडे चिकटतात आणि गिऱ्हाईक दोन दिवस कुरकुरून जेवायला येतंच. गॅसचा दर सगळ्यांना सारखा असतो, म्हणून ते जमतं. पगाराचंही तसं व्हायला हवं.

कायद्याची भूमिका याबाबत जुनी आणि कडक आहे. कामगाराला नुसतं किमान वेतनही देता येत नसेल तर त्या उद्योगाला चालू राहण्याचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं क्राउन अॅल्युमिनियमच्या खटल्यात म्हटलं. १९६१ च्या उन्निचोयी खटल्यातही किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत बघायची नाही असा निर्णय झाला. ऐपतीचा प्रश्न येतो तो त्याच्या वरच्या रेघांना.

तरीही सगळं सुरळीत होईल असं म्हणणं खोटं ठरेल. नवरा-बायको आणि एक पोऱ्या अशी चालणारी चार टेबलांची खानावळ आहे, तिथं मालकाच्याच तासांचा हिशेब लागत नाही. तिला १३ रुपये जड जातील. दहाचा आकडा गाठला की विमा लागतो म्हणून कितीतरी जण नऊवरच थांबतील, किंवा दोन माणसं वहीवर दाखवणारच नाहीत. छोट्या खानावळीला मदत करायचीच असेल तर गाळ्याच्या भाड्यात, कर्जाच्या व्याजात करावी. भांडी घासणारीच्या पोटाला चिमटा काढून ती सवलत देऊ नये.

## टिप मिळते, आणि तो स्वतः तयार आहे

टिप वेटरला मिळते. आचाऱ्याला, कांदा चिरणाऱ्याला, भांड्याच्या टाकीपाशी दिवसभर ओल्यात उभ्या असलेल्या बाईला मिळत नाही. टिप गिऱ्हाईक देतं, पगार मालकानं द्यायचा असतो. एकाच्या पैशातून दुसऱ्याची जबाबदारी फिटत नाही. बिलात आपोआप सेवा शुल्क लावायलाही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती योग्य ठरवली. म्हणून पगार दरपत्रकातच दिसला पाहिजे.

"तो तेवढ्यावर तयार आहे" याचं उत्तर १९८२ मध्येच मिळालंय. दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भुकेपोटी, नाइलाजानं किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम पत्करणं ही घटनेच्या २३ व्या अनुच्छेदातली वेठबिगारीच आहे. कमी पगाराला कामगारानं लिहून संमती दिली असली तरी तो कागद कायद्यापुढं टिकत नाही.

## "यात कसलं आलंय कौशल्य?"

दीडशे थाळ्या, प्रत्येकीत दोन भाकऱ्या, म्हणजे दिवसाला ३०० भाकऱ्या. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ गरम पाण्यात मळावं लागतं आणि एका वेळी दोन-चार भाकऱ्यांपुरतंच. जास्त मळून ठेवलं की ते फुटतं, भाकरी कडेनं चिरते. परातीत एका हातानं थापत दुसऱ्या हातानं ती फिरवायची. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. पाणी सुकायच्या आत उलटली तर चिकटते, उशिरा उलटली तर भेगा पडतात. मग थेट आचेवर फुगवायची. दोन तवे लावून मिनिटाला एक पडली तरी हे सलग पाच तास चालतं, तेही भट्टीच्या धगीपुढं. हे काम अकुशल म्हणणाऱ्यानं दहा भाकऱ्या करून बघाव्यात.

सरकारचा स्वतःचा हिशेबही इथं तपासावा लागेल. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांसाठी केंद्राच्या योजनेतलं मानधन २००९ पासून महिना १,००० रुपये आहे, तेही वर्षातले दहा महिने. राज्यं आपली भर घालतात, पण मूळ आकडा हललेला नाही.

## वहीत काय लिहायचं

कामगारानं: रोज कामावर आल्याची आणि सुटल्याची वेळ छोट्या वहीत किंवा मोबाईलमध्ये लिहून ठेवावी. पगार शक्यतो बँक खात्यावर मागावा. रोख मिळाला तर तारीख आणि रक्कम त्याच वहीत टिपावी. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळाला पाहिजे. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत सगळा हिशेब. पगाराची चिठ्ठी मागणं हा हक्क आहे.

मालकानं: एकच बारा तासांची पाळी मोडून सकाळी ८ ते ४ आणि दुपारी ४ ते रात्री १२ अशा दोन पाळ्या लावाव्यात. चिराचिरी, वाटण, रस्स्याची तयारी सकाळच्या पाळीत उरकावी. आचारी दोन परवडत नसतील तर मुख्य आचाऱ्याला दोन्ही जेवणांच्या वेळी ठेवून त्याचा जादा वेळ दुप्पट दरानं वेगळा दाखवावा. दर जानेवारी-जुलैत नवा विशेष भत्ता बघून आकडा बदलावा. हजेरी आणि पगाराची नोंदवही खरी ठेवावी, कारण पगार दिला की नाही यावर वाद झाला तर तो दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते.

तक्रार करायची झाली तर साताऱ्यात आणि सांगलीत कामगार आयुक्तालयाची कार्यालयं आहेत. पूर्वी सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागे, आता तीन वर्षांपर्यंत करता येतो. थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. तिथं जाताना महिन्याचा आकडा सांगून थांबू नये. तासांची वही पुढं ठेवावी आणि जादा वेळेची रक्कम महिन्यागणिक वेगळी लिहून द्यावी.